नवसाची नास्तिक

नागपुरात आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीतली बाकीची मुलं नुसती जन्माला आली होती. मला मात्र मागून घेतलेलं होतं. हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं, कारण आई ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. दूधवाल्याला, पोस्टमनला, दारावर झाडू विकायला आलेल्या बाईला. ‘नवसाची आहे हे पोट्टी,’ असं म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायचा, आणि मीही त्या नजरेला शोभेल असा चेहरा करून उभी राहायची. नवसाची असण्याचे फायदे पुष्कळ होते. पुरणपोळीवर तुपाची पहिली धार माझ्या ताटात पडायची. वांग्याच्या भाजीतलं सगळ्यात मऊ वांगं माझं असायचं. गणितात भोपळा मिळाला म्हणून बाबांनी हात उगारला, की आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, “हात नोका लावू तिले. ते आपल्या एकट्याची नाही.” दुसरी मालकीण कोण, हे बाबांना माहीत होतं. ते हात खाली घ्यायचे आणि त्याच हातानं पेपर उचलायचे.

दुसरी मालकीण म्हणजे आसरामाय. नरखेडच्या बाजूला आईचं माहेर, तिथे मामाची संत्र्याची बाग आणि बागेच्या कोपऱ्यात एक जुनी विहीर. विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड ओळीनं मांडलेले आहेत. त्या पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी, आसरा. प्रसन्न झाल्या तर ओटी भरतात आणि रागावल्या तर भरलेली ओटी रिकामी करतात, असं तिकडे मानतात. माझ्याआधी आईची दोन मुलं आठवडाभराची होऊन गेली होती, एवढंच मला ऐकून माहीत होतं. त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. माझ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आईनं विहिरीवर जाऊन पदर पसरला, आणि जिवंत लेकरू दिलंस तर त्याच्या वजनाइतकी संत्री तुझ्या दारात तोलीन, असं कबूल करून आली.

आता यात आईची एक चूक झाली. तोलायचं कधी, ते ती बोललीच नाही. शहाणी माणसं मूल वर्षाचं झालं की असा नवस फेडून मोकळी होतात, कारण तेव्हा लेकराला टोपलीभर फळं पुरतात. माझ्या पहिल्या वर्षी मामाच्या बागेला ताण नीट बसला नाही. संत्र्याच्या झाडाचं पाणी काही दिवस तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड सुकत आलं, की मग पाणी देतात आणि ते फुलांनी भरून येतं. त्या वर्षी मधेच अवकाळी पाऊस पडला आणि झाड सुकलंच नाही. पुढच्या वर्षी गारपीट झाली. मग बाबांना रजा मिळेना, मग मला गोवर निघाला, मग मामाचं लग्न आलं आणि मग सगळ्यांनाच ‘पुढच्या साली पाहू’ म्हणायची सवय लागली. मी मात्र थांबले नव्हते. आईच्या हातचं खाऊन दरवर्षी मी भरत चालले होते. एकदा मामानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आईला विचारलं, “बाई, इले संत्र्याइनं तोलाचं आहे का संत्र्याच्या बागेनं?”

घरात आम्ही चौघं. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि देवाशी त्यांचं नातं मोठ्या साहेबाशी असावं तसं होतं: सकाळी हजेरी लावायची, मान खाली घालायची आणि नजरेत न भरता निघून यायचं. आईचं तसं नव्हतं. आई देवांशी बोलायची. घरातल्या आवाजांत तिचा आवाज सगळ्यात मोठा. पाटा-वरवंटा, स्टोव्हची फरफर, परसातली बादली या सगळ्यांवरून तिचं बोलणं चालू असायचं. “आज उशीर झाला, काय करू, नळच नाही आला,” हे देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेला. “तू काय पाहून राहिली, दूध नाही भेटत,” हे मांजरीला. “भडकू नोको, भडकू नोको,” हे स्टोव्हला. कोणाशी बोलणं चाललंय ते नुसत्या सुरावरून ओळखता यायचं. आसरामायशी ती सगळ्यात हळू बोलायची. ते मला मायेचं वाटायचं.

चौथी आत्या. बाबांची मोठी बहीण. लग्न केलेलं नव्हतं, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि आमच्या पुढच्या खोलीत राहायची. तिच्या खोलीतल्या फळीवर बरण्यांमध्ये पाल, बेडूक, विंचू आणि एक लांबलचक जंत असे औषधी पाण्यात ठेवलेले होते. त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला आईची लिंबाच्या लोणच्याची बरणी असायची, कारण त्या खोलीत ऊन छान येत असे. पाहुण्याला लोणचं वाढायचं झालं, की आई स्वतःच उठायची, दुसऱ्या कोणावर ते काम सोपवायची नाही. आत्या नास्तिक होती. देव्हाऱ्यासमोर तिनं कधी हात जोडले नाहीत, पण आरती संपायच्या बेताला ती वाटी घेऊन नेमकी हजर व्हायची. “देव नाही म्हणता न आक्का,” आई म्हणायची. “देव नाही,” आत्या म्हणायची, “पण शिरा आहे.” आई हसून तिच्या वाटीत दोन चमचे जास्तच वाढायची. दोघींचं फार जमायचं. हे कोणाला खरं वाटत नाही. आस्तिक आणि नास्तिक एका स्वयंपाकघरात आले की भांड्याला भांडं लागलंच पाहिजे, असं लोकांना वाटतं.

मी नास्तिक झाले ती कॉलेजात असताना, श्रावणात, पडल्यामुळे. परसातल्या नळाजवळ हिरवं शेवाळ माजलं होतं. दोन्ही हातांत बादल्या घेऊन मी ऐटीत निघाले आणि पाय सटकून थेट बसकण मारली. डॉक्टरांनी सांगितलं, माकडहाडाला मार बसलाय, पाठीवर झोपायचं नाही, बसायचं नाही, पोटावर पडून राहायचं. मी आत्याच्या खोलीत पोटावर पडून राहिले. समोर पाल, बेडूक, विंचू. करमेना. आत्या कॉलेजातून आली, की खुर्ची ओढून बसायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “त्या हाडाले माकडहाड काहून म्हणतात, माहीत आहे?” मला माहीत नव्हतं. “आईच्या पोटात होतीस तेव्हा तुले शेपूट होती,” ती म्हणाली. “सर्वाइलेच असते. मग ती जिरते आणि बुडखा तेवढा राहतो. त्याच्यावर तू आपटलीस.” मी आयुष्यात ऐकलेली ती सगळ्यात सुंदर बातमी होती. शेपूट. मला. त्यानंतर दुखणं सुसह्य झालं, कारण ते आता नुसतं दुखणं नव्हतं, त्याला फार जुनी परंपरा होती.

मग रोज संध्याकाळी थोडं थोडं पुढे. पाण्यात आधी काहीच नव्हतं, मग कुठेतरी कोमट पाण्यात कशात तरी काहीतरी मिसळलं आणि आपल्यासारखंच दुसरं तयार करू लागलं. नेमकं कसं, ते अजून कोणाला पुरतं ठाऊक नाही, हेही आत्यानं तेवढ्याच सहज सांगितलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. आमच्याकडे ‘ठाऊक नाही’ म्हणणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मग मासे, मग पाण्याबाहेर येऊन धापा टाकणारे जीव, सरडे, घुशी, माकडं आणि शेवटी सक्करदऱ्यात पोटावर पडलेली मी. कोणी बनवलं नाही, कोणी ठरवलं नाही. जे टिकले त्यांची पिल्लं झाली, जे टिकले नाहीत ते गेले. “आणि देव?” मी विचारलं. “मला तरी कुठे त्याची गरज पडली नाही,” आत्या म्हणाली. आठवडाभरानं मी उठून बसले तेव्हा माझं हाड बरं झालं होतं आणि देव गेला होता. पोटावर झोपून नास्तिक झालेली माझ्यासारखी दुसरी मी अजून पाहिलेली नाही.

नव्या मुसलमानाला अल्ला जास्त आठवतो असं आमच्याकडे लोक चेष्टेनं म्हणायचे. नव्या नास्तिकाचंही तेच असतं, आणि कोणत्याच धर्माला त्यात नावं ठेवायचं कारण नाही. मी दिसेल त्याला शेपटीबद्दल सांगत सुटले. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “ऑफिसात नको बोलू.” पण या सगळ्यात एक घोटाळा होता आणि तो हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागला. आसरामाय नाही, तर नवसही नाही. नवस नाही, तर मी गल्लीतल्या बाकीच्या पोरांसारखीच नुसती जन्माला आलेली. इतकी वर्षं मला मनातून खात्री होती, की एवढं मागून घेतलं आहे म्हणजे आपल्याकडून काहीतरी मोठं काम करून घ्यायचं असणार. ते काय, ते कळेलच यथावकाश. आता ते कामच रद्द झालं होतं. मला अगदी पोरकं वाटलं. मी आत्याला विचारलं, “मग मी कशासाठी आहे?”

“शेवाळ कशासाठी आहे?” आत्यानं उलट विचारलं.

“मले पाडाले,” मी फुरंगटून म्हणाले.

आत्या खूप हसली. मग म्हणाली, “शेवाळाले तर तुझा पत्ताही नव्हता बाई. ते आहे, म्हणून आहे. तूही आहेस. कोणी कशासाठी पाठवलं नाही, म्हणजे कोणाला हिशेब द्यायचा नाही. आता काय करायचं ते तू बघ. सध्या चहा कर.”

मी चहा केला. उत्तर मला तेव्हा मुळीच आवडलं नाही. आता माझा नातू कधी कधी मोबाइलमधून मान वर काढून तोच प्रश्न विचारतो, आणि मी त्याला तेच उत्तर देते. त्यालाही ते आवडत नाही, आणि चहाही तो भयंकर करतो. पण करतो.

दसरा झाल्यावर मामा आला. खांद्यावर पिशवी, पिशवीत पहिल्या तोडीची संत्री. अंगणातच बसकण मारून त्यानं पाणी मागितलं आणि प्यायच्या आधीच म्हणाला, “बाई, औंदा बाग लदून गेली आहे. फांद्याइले टेके लावा लागले. आता आसरामायचं उरकून घे. उद्या पोट्टीचं लग्न झालं, तं तिच्या नवऱ्याले इचारा लागन.” आईचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. दिवाळीनंतरचा रविवार ठरला. रोडगे करायचे ठरले, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे आणि त्यांच्याबरोबर वांग्याची भाजी, कारण आमच्याकडे नवस त्याशिवाय फिटत नाही. आत्यानं लगेच विचारलं, “वरण असेल ना?” आणि मी म्हणाले, “मी तराजूत बसणार नाही.”

मामा पाणी प्यायचा थांबला. “काहून वं?” आई म्हणाली. मग मी सुरू झाले. पाण्यापासून सुरुवात करून मी अंगणात सगळी उत्क्रांती सांगितली. आई शांतपणे ऐकत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, “मंग बरोबरच आहे न. जीव पाण्यातून आला म्हणते तू. आसरामायबी पाण्यातलीच आहे.” मामानं मान डोलावली. आत्यानं तोंडाला पदर लावला. हे हसणं मला फार झोंबलं. एवढ्या मेहनतीनं मी माशाला पाण्याबाहेर काढला होता, आणि आईनं तो सहज परत विहिरीत सोडला होता. मग मी जे बोलायचं ते बोलले. “मले कोणी दिलं नाही आई. मी आपोआप झाली. तू मागितलं नसतं तरी झाली असती.”

आई उठली, मामासाठी ताट वाढलं, त्याला गाडीच्या वेळेची आठवण करून दिली. आणि त्यानंतर तिचं बोलणं थांबलं. आमच्याशी बोलायची ती, जेवायला या, छत्री घ्या, एवढं. पण ते दुसरं बोलणं बंद झालं. स्टोव्ह भडकला तरी ती गप्प. मांजर ओट्यावर चढली, तिनं नुसतं तिला उचलून खाली ठेवलं. देव्हाऱ्यात दिवा लावायची आणि मुकाट्यानं परत फिरायची. घर कोणाचं तरी वेगळंच वाटू लागलं. बाबा कचेरीतून आले की चपला काढता काढता कान टवकारायचे आणि माझ्याकडे पाहायचे. मला वाटलं, आई रागावली आहे. रागाला मी तयार होते, तत्त्वासाठी सोसायचं असतं हे मी वाचलेलं होतं. पण आईचा चेहरा रागावलेल्या माणसाचा नव्हता. ती काहीतरी विचार करत होती, आणि ते काय, हे मला कळत नव्हतं.

मग एका दुपारी ती आणि आत्या स्वयंपाकघरात सांबारवड्यांची तयारी करत बसल्या होत्या. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. तिचा हा मोठा भारा दोघींच्या मधे पडलेला, आणि मी दाराशी खोबरं किसत बसलेली. आईनं मान वर न करता विचारलं, “आक्का, इले जर कोणी दिलं नाही, तं मंग त्या दोघाईले कोणी नेलं?”

आत्याचा हात थांबला. माझाही. त्या दोघांबद्दल आईच्या तोंडून मी पहिल्यांदाच काही ऐकत होते.

“कोणी नेलं म्हणजे?” आत्या म्हणाली.

आईनं एक एक काडी निवडत सांगितलं. पहिल्या वेळी दिवस गेले होते तेव्हा ती माहेरी होती, आणि भरदुपारी एकटी त्या विहिरीवर पाण्याला गेली होती. भरदुपारी आसरांच्या विहिरीवर पोटुशी बाई जात नाही. घरात पाणी नव्हतं, म्हणून ती गेली. मुलगा झाला आणि आठवडाभरात गेला. मग मुलगी झाली, तीही तशीच. “तवापासून मले माहीत होतं,” आई म्हणाली, “का आसरामाय कोपली. चुकी माहीच होती. कोणाले सांगतलं नाही. सांगतलं असतं, तं सर्वे म्हणले असते, इनंच लेकरं खाल्ली. म्हणून तं पदर पसरला मी. मागाले नाही, पहिले माफी मागाले गेली होती.”

खोबऱ्याची वाटी माझ्या मांडीवर तशीच राहिली. आसरामायशी आई इतकी हळू का बोलते, ते मला त्या दुपारी कळलं. तिला भीती वाटत होती. माझ्या सगळ्या आयुष्यभर ती त्या सात दगडांना भिऊन होती, की दिलेलं मूल परत मागतील म्हणून, आणि त्या भीतीच्या आडोशाला मी तुपाची पहिली धार खात मजेत वाढले होते.

आत्यानं कोथिंबीर बाजूला सारली आणि आईला विचारलं, “सुमन, दूध प्यायचे का ते शेवटी?”

“नाही. तोंडच नाही उघडे. अंग असं ताठ होये. धनुष्यावानी.”

“नाळ कशानं कापली होती?”

“विळ्यानं. तवा तसंच कापत.”

मग आत्यानं सांगितलं, वर्गात सांगायची तसं नाही, अगदी सावकाश. की त्याला धनुर्वात म्हणतात. त्याचे जंतू मातीत असतात, शेणात असतात, विळ्याला लागलेले असतात. ते पृथ्वीवर माणसाच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत. जखम मिळाली की ते शिरतात आणि वाढतात, कारण त्यांना तेवढंच येतं. “त्यांना तुझा राग नव्हता सुमन. दुपार कळत नव्हती, विहीर कळत नव्हती. तू कोण हेही त्यांना माहीत नव्हतं. कोणी नेलं नाही तुझ्या लेकरांना. कोणीसुद्धा नाही. आणि तुझ्या हातून काहीएक झालेलं नाही.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे कोणी कोपलं नव्हतं?”

“कोणी नाही.”

“मंग हे काहून वाचली?” आईनं माझ्याकडे बोट केलं.

“हिच्या वेळी तू नागपूरच्या दवाखान्यात होतीस. तिथं कात्री उकळून घेतात.”

“दवाखान्यात जा म्हणून तुम्हीच भांडल्या होत्या घरात,” आई म्हणाली. “मंग इले तुम्हीच दिलं म्हणा.”

आत्या आयुष्यात पहिल्यांदा गडबडलेली मी तेव्हा पाहिली. “मी कुठं दिलं,” ती म्हणाली. “मी फक्त रिक्षा बोलावली होती.”

आणि आई रडू लागली. मी उठून तिच्याजवळ गेले, तर तिनं मला कोथिंबिरीच्या ओल्या हातांनी कवटाळून धरलं. तिच्या अंगाला सांबाराचा आणि स्टोव्हच्या रॉकेलचा वास येत होता. मलाही रडू आलं. देव नाही या गोष्टीचा मी इतके दिवस नुसता दिमाख मिरवत होते. कोणाच्या छातीवरचा दगड त्यानं उतरू शकतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आजही कोणी मला सांगायला लागलं, की श्रद्धा नसेल तर माणसाला आधार कशाचा, तर मी वाद घालत नाही. मला ती दुपार आठवते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या सुविचारांनाही मी त्यामुळेच काही उत्तर देत नाही.

संध्याकाळी स्टोव्ह भडकला आणि आतून आवाज आला, “आता काहून भडकून राहिला तू?” बाबा बाहेर चपला काढत होते. ते तसेच एका पायावर थांबले आणि हसले.

मला वाटलं, तराजूचा विषय आता संपला. पण रविवार जवळ आला तशी आई पिशव्या भरू लागली. मी म्हटलं, “आई, कोणी कोपलं नव्हतं, कोणी दिलं नाही, मग फेडून काय राहिली तू?”

“तवा भिऊन बोलली होती,” आई म्हणाली. “आता भेव गेलं. आता खुशीनं करतो. मिळाली तं आहेस न तू मले? तुले काही माना म्हणून नाही सांगून राहिली मी. तुले फक्त वजन द्याचं आहे.”

मी मदतीसाठी आत्याकडे पाहिलं, तर ती रोडग्यांना लागणाऱ्या तुपाचा डबा पिशवीत नीट बसवत होती.

एसटीनं आम्ही चौघं आदल्या दिवशीच गेलो. मामाची बाग खरोखरच लदलेली होती. टेकू दिलेल्या फांद्या, हिरव्यात पिवळी होत चाललेली संत्री, मागे पाण्याच्या इंजिनाची एकसारखी टुकटुक आणि या सगळ्यावर गोवऱ्यांचा धूर. मामानं अडत्याकडून कापूस तोलायचा मोठा तराजू आणून चिंचेच्या फांदीला टांगला होता. एका बाजूला माझ्यासाठी पाट बांधला होता, दुसऱ्या बाजूला सुतळीचं जाळं. वर्षाचं लेकरू तोलतात त्या तराजूत कॉलेजातली मुलगी बसणार, ही बातमी गावभर झाली होती आणि त्यामुळे गर्दीही तशीच होती. मी डोळे मिटून पाटावर बसले आणि माझा पाट धपकन जमिनीला टेकला. मामा ओंजळी ओंजळीनं संत्री टाकू लागला. लोक अंदाज करू लागले. “अजून लागन गा.” “अर्धं झाड गेलं.” “लाडाची आहे, दिसूनच राहिलं.” एक म्हातारी आईला म्हणाली, इतकी मोठी होईपर्यंत थांबलीस, आसरामायचा फायदाच झाला. बाबा जरा दूर उभे राहून आपला या कुटुंबाशी संबंध नसल्यासारखं बागेकडे पाहत होते. आत्या पडलेली संत्री गोळा करत होती आणि त्यातली एखादी सोलून खात होती.

शेवटी पाट हलला. दांडी डुगडुगली आणि सरळ झाली. पायाची बोटं तेवढी मातीला लागत होती. मामा हात झटकून म्हणाला, “झालं. बरोबर आलं.”

“थांब,” आई म्हणाली.

तिनं पदराखालून दोन संत्री काढली. लहानशी, अजून हिरवी, मुठीत मावणारी. आदल्या संध्याकाळी तिला बागेत एकटीच फिरताना मी पाहिलं होतं. एक तिनं जाळ्यात ठेवलं, मग दुसरं. दांडी कलली. माझी बोटं मातीवरून सुटली आणि मी हळूच वर गेले.

“बाई, जास्त झालं न,” मामा म्हणाला. “बरोबर झालं होतं.”

“हाव,” आई म्हणाली. “हे इच्यासाठी नाहीत. माहे दोन अजून होते.”

बाबा पुढे आले आणि आईच्या शेजारी उभे राहिले. गावासमोर ते असे कधी उभे राहात नसत. मी हवेत तशीच बसून होते, आणि उतरायचं कोणी सांगेना. मी कोणत्याही कामासाठी पाठवलेली नव्हते, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं आणि आजही आहे. पण समोरच्या जाळ्यात माझ्या वजनाची संत्री होती आणि त्यांच्यावर ती दोन होती, आणि त्यानंतर ‘मी कशासाठी आहे’ असं मी आत्याला पुन्हा विचारलं नाही.

आई विहिरीकडे गेली. सात दगडांसमोर बसली, पदर डोक्यावर घेतला आणि बोलू लागली. या वेळी ती हळू बोलत नव्हती. अन्नपूर्णेशी बोलायची त्या सुरात, घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलत होती, आणि वर टांगलेल्या मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

“माफ करजा माय,” ती म्हणत होती. “आक्कानं सांगतलं मले. तुम्ही काहीच केलं नव्हतं. इतके वर्सं मी उगाच तुमच्यावर आळ घेऊन राहिली होती.”

आत्यानं तोंडातली फोड गिळली. मग हातातल्या संत्र्याच्या अर्ध्या फोडी तिनं वर, माझ्या हातात दिल्या, आणि आईचं बोलणं संपेपर्यंत आम्ही दोघी नास्तिक ऐकत राहिलो.